कोपराची साक्ष

चष्म्याच्या दुकानात माझी उभी हयात गेली आणि तरीही गावातला सगळ्यात निकामी साक्षीदार म्हणून माझा लौकिक झाला, यावरून माझी योग्यता लक्षात यावी. मला दोन्ही डोळ्यांना मायनस नऊ. चष्मा काढला की माणूस आणि भिंतीवर टांगलेला कोट यांत मला एवढाच फरक कळतो की कोट शिव्या देत नाही. शाळेत मला ढापण्या म्हणायचे. लग्नानंतर ते काम बायकोनं अंगावर घेतलं. दुकानाचे मालक मला दुकानाची चालतीबोलती जाहिरात मानतात. एवढा नंबर असूनही हा माणूस रोज रस्ता ओलांडून कामावर येतो, म्हणजे आमच्या काचा चांगल्याच असणार, असं ते गिऱ्हाइकांना सांगतात.

काम माझं साधं. फ्रेममध्ये काच बसवायची, सैल स्क्रू पिळायचा, काडी गरम करून कानामागे नीट वाकवून द्यायची. राजकारणाशी माझा संबंध इतकाच की सगळ्या पक्षांच्या लोकांना चाळिशीनंतर जवळचं दिसेनासं होतं.

त्या दिवसांत माणसं नाहीशी होत होती. बिननंबरची गाडी यायची, एखाद्याला उचलायची आणि घरचे लोक चौकीवर गेले की तिथं सांगायचे, आम्ही कुणाला आणलंच नाही, कुठं पळून गेला असेल. लोक हळू आवाजात बोलायला लागले होते. मी तर इतक्या हळू बोलायचो की गिऱ्हाइकं मालकांकडे तक्रार करायची, तुमच्या माणसाचा घसा बसलाय का म्हणून. भित्रेपणात मी कुणाला हार जाणारा नव्हतो.

पण ज्याचं नशीब फुटकं त्याला भित्रेपणाही पुरत नाही. एका दुपारी आमचं एक जुनं गिऱ्हाईक, वर्तमानपत्रात लिहिणारे गृहस्थ, चष्म्याची काडी निखळली म्हणून आले. चष्मा माझ्या हातात देऊन समोर चहा प्यायला गेले. अंगानं किडकिडीत, डोक्याला टक्कल, जाड काळी फ्रेम, असं त्यांचं वर्णन. माझंही तेच. गाडी आली ती त्यांच्यासाठी. आत शिरलेल्या माणसांना काउंटरमागे किडकिडीत, टकला, जाड काळ्या फ्रेमचा इसम दिसला, एक चष्मा नाकावर आणि दुसरा हातात. वेषांतराची तयारी चाललीय अशी त्यांची खात्रीच पटली.

मी तो नव्हे, असं मी सांगून पाहिलं. सगळे असंच म्हणतात, असं उत्तर मिळालं. गाडीत घालताना त्यांनी माझा चष्मा काढून पायाखाली घेतला. सवयीनं माझ्या तोंडून गेलं, "अहो, काच नवी आहे." त्यावर एक थप्पड बसली. जुलमी सत्तेला मी केलेला विरोध तो एवढाच.

आत नेल्यावर माझ्या डोळ्यांवर पट्टी बांधायची गरज कुणाला वाटली नाही, तेवढं फडकं वाचलं. एक लांबट खोली होती आणि भिंतीला टेकून बसलेले पुंजके होते. कोण कैदी आणि कोण पहारेकरी, हे पुंजक्यावरून कळत नाही. बोलायला बंदी होती. पलीकडच्या खोलीतून आवाज यायचे. त्या आवाजांची थट्टा मला करता येत नाही. मी कान झाकून घ्यायचो, एवढंच सांगतो.

संडासला जायचं म्हणजे बोळातून जावं लागे. पहिल्याच खेपेला मी आधी दाराला, मग भिंतीला आणि शेवटी पहारेकऱ्याला धडकलो. तो वैतागून ओरडला, "ए, या आंधळ्याला कुणीतरी घेऊन जा." एक पुंजका उठला, माझ्या उजव्या अंगाला आला, त्यानं माझा हात आपल्या हातात अडकवून घेतला आणि आम्ही निघालो. थोडं चाललो असू, तोच त्यानं माझ्या बरगडीत कोपर मारलं. मी ठेचकाळलो. येतानाही तेच, कधी एकदा, कधी दोनदा. तिथं होतो तेवढे दिवस जाता येता मी कोपरं खाल्ली आणि मनातल्या मनात त्या इसमाच्या सात पिढ्या उद्धरल्या. हा नक्की पहारेकऱ्यांच्या मर्जीतला, असं मी ठरवून टाकलं.

काही दिवसांनी त्यांना आपली चूक कळली. मला बाजाराच्या कोपऱ्यावर आणून सोडलं, चष्म्याशिवाय. चाचपडत घर गाठलं, आत शिरलो आणि समोरच्या पुंजक्याला भरल्या गळ्यानं म्हणालो, "अगं, आलो मी." घर शेजाऱ्यांचं होतं. शेजारणीच्या किंकाळीनं माझी बायको धावत आली, मला मिठी मारून रडली, आणि मग डोळे पुसत तिनं पहिला प्रश्न विचारला, "पण तू हिच्या घरात काय करतोयस?"

गप्प बसलो असतो तर एवढ्यावर भागलं असतं. पण गप्प बसणं मला जमत नाही. नाहीशा झालेल्यांच्या घरच्या लोकांनी एक समिती केली होती. आठवड्यातून एकदा ही मंडळी आपापल्या माणसाचा फोटो घेऊन कोर्टाच्या पायऱ्यांवर बसायची. आत जाऊन परत आलेले थोडे, आणि त्यांतले तोंड उघडणारे कुणीच नव्हते. त्यामुळे वासरात लंगडी गाय शहाणी, या न्यायानं माझा भाव वधारला.

समितीचं काम बघणाऱ्या वकीलबाई कायम अर्ध्या झोपेत असल्यासारख्या दिसायच्या, कारण त्यांना पुरी झोप मिळतच नसे. प्रत्यक्ष बघणारा साक्षीदार सापडला म्हणून त्या हरखून गेल्या.

"काय पाहिलंत तुम्ही?"

"काही नाही."

"बरं, कुणाला पाहिलंत?"

"पुंजके होते."

त्यांनी पेन खाली ठेवलं. माझ्या नव्या चष्म्याकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग थकल्या आवाजात म्हणाल्या, "निदान मारहाण?"

मी थप्पड सांगितली. ती अगदीच एकटी वाटली म्हणून कोपरं सांगितली. त्यांनी लिहिलं, 'बरगड्यांवर वारंवार प्रहार.' माझ्या बरगड्यांना एवढा मान कुणी दिला नव्हता. मी ताठ मानेनं घरी गेलो.

पुढं पायऱ्यांवरून दर आठवड्याला मी ती हकिगत सांगायला लागलो. उचलली जीभ लावली टाळ्याला. सुरुवातीला ते नुसतं कोपर होतं. पुढं पुढं ते बंदुकीचा दस्ता व्हायच्या बेतात आलं. लोक टाळ्या वाजवायचे. बायको एकदा ऐकायला आली आणि घरी जाताना म्हणाली, "पुढच्या आठवड्यात तोफ आण."

पण भाषण संपलं की बायका फोटो घेऊन यायच्या. "याला पाहिलंत का हो? जरा उंच आहे. हसतो खूप." नव्या काचांतून मला प्रत्येक चेहरा लख्ख दिसायचा, केसांचा भांग, शर्टाचं तुटलेलं बटन, सगळं. आणि त्यांतला एकही मला ओळखता यायचा नाही. तेव्हा मात्र माझी बडबड आपोआप थांबायची. इतकं स्वच्छ दिसत असून मी इतका कुचकामी आयुष्यात कधी नव्हतो.

त्या पायऱ्यांच्या टोकाला एक म्हातारे काका बसायचे. ते वेल्डर होते. कामात डोळे गेले, पुरते गेले. मांडीवरचा मुलाचा फोटो पुष्कळदा उलटा असायचा आणि शेजारचं कुणीतरी तो न बोलता सुलटा करून द्यायचं. मुलगा बसवर कंडक्टर. डेपोत संपवाल्यांना झालेल्या मारहाणीबद्दल त्यानं उघड बोलून दाखवलं आणि पुढच्याच आठवड्यात डेपोच्या फाटकातून त्याला उचलून नेलं. तेव्हापासून सरकारचं पालुपद एकच, हा माणूस आमच्या ताब्यात कधी नव्हताच, घर सोडून गेला असेल. त्या पालुपदापुढे काकांकडे काहीच नव्हतं. तो आत होता, हे सांगणारा एकही माणूस त्यांना भेटला नव्हता. मला मात्र त्यांनी कधी काही विचारलं नाही.

एका सकाळी ते काठी टेकत दुकानात आले. आमचे मालक गिऱ्हाईक सोडतील तर शपथ. म्हणाले, "या, बसा, आधी नंबर काढू."

"काढा," काका म्हणाले. "सापडला तर मलाही सांगा."

मग ते माझ्या आवाजाच्या दिशेनं वळले. "चष्मेवाले, तुम्ही ते कोपराचं सांगता ना, ते कुठल्या बरगडीत?"

"काका, आता इतकं कुठं..."

"आठवा."

"उजव्या."

"किती वेळा?"

"कधी एकदा, कधी दोनदा. त्या माणसाच्या मनाला येईल तसं. फार क्रूर माणसं हो." टाळ्यांची सवय झाली होती, म्हणून मी जरा थांबलो.

"एकदा मारलं की पुढं काय व्हायचं?"

"काय होणार? मी ठेचकाळायचो."

"कशाला?"

आजवर इतकी भाषणं ठोकली होती, पण हा प्रश्न ना वकीलबाईंनी विचारला होता ना मी स्वतःला. बोळात मधेच एक उंचवटा होता.

"पायरीला," मी म्हणालो.

काका दाराकडे वळले. काठीनं त्यांनी दुकानाचा उंबरा चाचपला. "चष्मा काढून ठेवा," ते म्हणाले. "चला माझ्याबरोबर."

मी चष्मा काउंटरवर ठेवला. मालक "अरे, अरे" करत राहिले. काका माझ्या उजव्या अंगाला आले, माझा हात त्यांनी आपल्या हातात अडकवला आणि आंधळा माणूस मला डोळसाला रस्त्यावर घेऊन निघाला. उंबऱ्यापलीकडे दुकानाच्या पायऱ्या उतरतात. माझ्या बरगडीत कोपर लागलं, दोनदा. मी पाय खाली टाकला, पायरी तिथंच होती. पुन्हा दोनदा. पुन्हा पायरी. मग आम्ही फुटपाथच्या सपाट फरशीवर आलो आणि काकांनी दुसऱ्या हातानं माझ्या हाताच्या पाठीवर एक थाप मारली.

मी तिथंच खिळलो.

ती थाप मी कुणालाच सांगितली नव्हती. वकीलबाईंना नाही, पायऱ्यांवर नाही, बायकोलासुद्धा नाही. माझ्या गोष्टीतला तो राक्षस पायऱ्या संपल्या की दर वेळी माझ्या हातावर थोपटायचा, झालं हं, संपलं, असं लहान मुलाला सांगावं तसं. थोपटणारा राक्षस भाषणात बसत नाही. आणि खरं सांगायचं तर त्या जागी मी दिवसभर त्या थोपटण्याची वाट बघायचो, याची मला लाज वाटायची.

"काका," मी म्हणालो, "ही थाप... ही कुठली?"

"त्यानं काढलेली आहे ती." काका म्हणाले. "डोळे गेले तेव्हा रस्त्यात 'बाबा, पायरी, बाबा, पायरी' ओरडायचा. चार लोकांत मला कसंसंच व्हायचं. मी रागावलो त्याच्यावर. मग त्यानं हे काढलं. एकदा म्हणजे वर, दोनदा म्हणजे खाली, सपाट आलं की थाप. बोलायला नको, कुणाला कळायला नको."

बोलायला नको. त्या खोलीत बोलायला बंदी होती. मी ज्याच्या सात पिढ्या उद्धरत होतो, त्यांतली एक पिढी माझा हात धरून भर रस्त्यात उभी होती. आम्ही दोघंही रडलो. दुकानाच्या दारात माझा चष्मा हातात धरून मालक विचारत होते, "यांचा नंबर काढायचा की नाही?"

वकीलबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांची झोप त्या दिवशी पहिल्यांदा उडालेली दिसली. चौकशी आयोगापुढं मुलाचं प्रकरण लवकरच येणार होतं. "तुम्हाला कळतंय ना," त्या म्हणाल्या, "आधीचा जबाब मागे घ्यावा लागेल. मार नव्हता असं सांगावं लागेल. सरकारी वकील तुम्हाला सोलून काढतील."

मला ते उत्तम कळत होतं. माझी पाचावर धारण बसली. आजवर मी चुकून धरलेला माणूस होतो, यापुढं ओळखून धरायच्या लायकीचा होणार होतो. बायकोपुढं मी बरीच कारणं मांडली, तब्येत, नोकरी, मालकांचा स्वभाव. तिनं सगळी ऐकली. तीही घाबरली होती. तरी म्हणाली, "न खाल्लेल्या मारावर इतके दिवस टाळ्या घेतल्यास. आता खऱ्यासाठी शोभा करून घे."

ती झाली. अपेक्षेपेक्षा जास्त झाली.

सरकारी वकील गुळगुळीत दाढीचे, गोड बोलणारे. त्यांनी मला चष्मा काढायला सांगितला आणि समोर काहीतरी धरलं. "किती बोटं आहेत?"

"चार," मी अंदाजानं म्हणालो.

त्यांनी पेन धरलं होतं. सगळी खोली हसली.

"म्हणजे तुम्ही या मुलाला पाहिलेलं नाही."

"नाही."

"आधी सांगितलंत कोपरं मारली. आता म्हणता मारली नाहीत. उद्या म्हणाल, मिठी मारली."

पुन्हा हशा. समोर नुसते पुंजके होते, आतल्यासारखेच, आणि त्यांतला कोण आपला ते तिथंही कळत नव्हतं.

"साहेब," मी म्हणालो, "थप्पड मारली ती मारलीच. पलीकडच्या खोलीतले आवाज खरेच होते. कोपर मात्र मार नव्हता. मला चालता येत नव्हतं, तो मला चालवत होता. हे कळायला मला वेळ लागला, कारण मी मूर्ख आहे. ते हवं तर लिहून घ्या."

वकीलबाईंनी परवानगी मागितली आणि काका पुढं आले. साक्षीदाराच्या पिंजऱ्याला एक पायरी होती. काकांनी मला खाली उतरवलं, पुन्हा वर चढवलं, सपाटीवर आणून हातावर थाप मारली. मधे एका खुर्चीला आम्ही दोघं धडकलो, कारण खुर्चीसाठी त्या मुलानं खूण काढलेली नव्हती. या वेळी फारसं कुणी हसलं नाही.

आयोगाचे अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते, माणूस सभ्य. ते हळूच म्हणाले, "स्पर्श नोंदवता येत नाही हो."

"मग नोंदवता येत नाही असं नोंदवा," वकीलबाई म्हणाल्या.

तसं नोंदवलं. पुढं अहवाल आला, त्यात माझ्या वाट्याला एक वाक्य होतं, की साक्षीदाराची दृष्टी अत्यंत अधू असून त्याची साक्ष विश्वासार्ह नाही. मालकांना हे फार लागलं. आमच्या दुकानाच्या काचांवर हा ठपका आहे, असं त्यांचं मत पडलं. मला पुन्हा कुणी धरायला आलं नाही. इतक्या कुचकामी साक्षीदारावर गाडीचं पेट्रोल कोण जाळणार? गिऱ्हाइकं मात्र अजून वाकून विचारतात, कोपरवाले ते तुम्हीच का.

मुलगा आलेला नाही. सरकारचं पालुपद बदललेलं नाही. बदललं ते काकांचं बोलणं. पूर्वी ते 'असेल', 'नसेल', 'कोण जाणे' असं बोलायचे. आता कुणीही विचारलं की सांगतात, "तो आत होता. चालत होता. दुसऱ्याला चालवत होता."

आता दर आठवड्याला काकांना कोर्टाच्या पायऱ्या चढवायचं काम माझ्याकडे आहे. भाषण मी बंद केलं, त्यामुळे समितीचा माझ्यावरचा लोभ वाढला. साक्षीनंतर काका मला अरेतुरे करतात आणि माझ्यावर करवादतात, कारण माझं एकदा आणि दोनदा अजून उलटसुलट होतं. "एकदा म्हणजे वर रे. किती वेळा सांगू? तू आम्हा दोघांना तोंडावर पाडशील." मी म्हणतो, काका, तुमच्या मुलानं माझ्यावर एवढी मेहनत घेतली, तरी मी तसाच राहिलो. ते हसतात.

परवा आम्ही अर्ध्या पायऱ्या चढून मधल्या सपाट टप्प्यावर आलो. मी त्यांच्या हातावर थाप मारली. ते थांबले.

"त्याची थाप जड असायची," ते म्हणाले. "हात लाल व्हायचा माझा. कितीदा सांगितलं, अरे, हळू." मग थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "तिथं कशी होती? जडच होती ना?"

होय म्हणणं सोपं होतं. कोपराचा दस्ता करणारी जीभ माझीच, ती टाळ्याला लागायला तयारच होती. काकांचा चेहरा माझ्याकडे वळलेला होता आणि मला तो अगदी स्वच्छ दिसत होता.

"हलकी होती, काका," मी म्हणालो. "बोटं थरथरायची."

लोक आमच्या बाजूनं चढत उतरत होते. काकांनी काखेतला फोटो चाचपला, मग माझा हात शोधून पुन्हा आपल्या हातात घट्ट अडकवला.

"मग तूही हलकीच मारत जा," ते म्हणाले.

पुढं अजून पायऱ्या होत्या. मी एकदा कोपर दाबलं.